एकच फॉन्ट पाटीला, ॲपला आणि लग्नपत्रिकेलाही?

बोरूबहाद्दर
काल इथे एका डिझायनर मुलानं लिहिलं की मराठीला रोमनमधल्या हेल्वेटिका फॉन्टसारखा एक तटस्थ सॅन्स सेरिफ हवा, म्हणजे रेघांच्या टोकांना सेरिफ (छोटे फाटे) नसलेला. पाटी, ॲप, पाठ्यपुस्तक, लग्नपत्रिका, सगळीकडे तोच. आणि वर शहाणपणा, ‘बोरूचं वळण आता म्युझियममध्ये ठेवा.’ प्रतिक्रियेत मावेना, म्हणून वेगळा धागा.

अरे बाबा, देवनागरीला सेरिफ होते कधी, की तू ते काढणार? आपल्याकडे मुद्दा रेघेच्या जाडीचा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून रेघ कुठे भरते, कुठे बारीक होते. ती सगळीकडे एकजाड केली की अक्षर साधं झाल्यासारखं वाटतं. मग ठळक वजनात, म्हणजे जाड रेघेत, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ज्ञ’ टाइप करून बघ. पोटं बुजतात, म-भच्या गाठींचे नुसते ठिपके होतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. हे सगळं रोमनच्या ओळीत कोंबलं की मधलं अक्षर आक्रसतं. हेल्वेटिका १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये निघाला. त्याला ‘राष्ट्र्या’ची काळजी नव्हती.

कॅपहाइट
काका, तो ‘मुलगा’ मीच. वय ३४.
मुक्ता फॉन्ट बघितलाय का? सात वजनं, देवनागरी आणि रोमन एका कुटुंबात, शिवाय फुकट. पॉपिन्स तर भूमितीच्या वर्तुळांवर उभा आहे, तरी लोक वाचतात. तुमच्यासारख्यांचं ऐकलं असतं तर आजही सगळं विंडोजच्या जुन्या मंगल फॉन्टमध्येच दिसलं असतं.

बोरूबहाद्दर
मंगल काढला र. कृ. जोशींनी. ते मुळात सुलेखनकार. हातात आधी लेखणी, मग माउस. तुमचं नेमकं उलटं.

जुळाऱ्याचा नातू
दोघंही जरा दमानं घ्या. माझे आजोबा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवणारे. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, शेकडो खिळे, अर्धी अक्षरं वेगळी, मात्रा वेगळ्या. संध्याकाळी वापरलेले खिळे परत आपापल्या घरात टाकताना त्यांचे डोळे जायचे. खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप खुद्द टिळकांनीही केला होता. त्यामुळे लिपी सुटसुटीत करू बघणाऱ्याला लगेच धर्मबुडवा ठरवू नका.
पण डिझायनरसाहेब, एक सांगा. तुमच्या फॉन्टात ल कुठला? पाकळ्यांचा की दंडाचा?

कॅपहाइट
आला ल. मला वाटलंच.
दोन्ही आहेत. पान मराठीत आहे असं कोडमध्ये लिहिलं असेल तर फॉन्ट आपोआप मराठी वळणाचे ल आणि श देतो. वेबसाइटवाले ते लिहीत नाहीत आणि शिव्या आम्ही खातो.

बोरूबहाद्दर
म्हणजे मराठी मजकुराला आधी ‘मी मराठी’ म्हणून हात वर करावा लागतो. वा! नाहीतर गृहीत काय, तर हिंदी.

हडपसरचा
झालं सुरू. दंडाचा ल लिहिला की लगेच आक्रमण? आमच्या शाळेत बाईंनी फळ्यावर दंडाचाच ल काढला. त्याच ल-नं मी ‘लोकमान्य’ लिहिलं आणि दहावीही झालो. शासनानं वर्णमालेवर २००९ मध्ये एक निर्णय काढला, २०२२ मध्ये दुसरा. तिथेच एकदा ठरेना आणि तुम्ही इथे पेठेत बसून शुद्धतेचे शिक्के मारताय.

बोरूबहाद्दर
पेठ मध्ये आणायचं कारण नव्हतं. मी गेली वीस वर्षं कोथरूडला राहतो.

हडपसरचा
मग तर विचारायलाच नको.

फ्लेक्सवाला नाना
ल राहू द्या हो, गिऱ्हाइकाला तो दिसतसुद्धा नाही. आमचं दुखणं ‘ऱ्य’. मागच्या वर्षी एका हॉटेलचा बोर्ड केला, ‘गरमागरम पुऱ्या’. मजकूर व्हॉट्सॲपवर आला, मी तो जुन्या फॉन्टात ओढला आणि ऱ-चा झाला साधा र. छापून आलं ‘गरमागरम पुर्या’. तीन दिवस टांगला होता. मालक खूश, गर्दी खूश. चौथ्या दिवशी एक निवृत्त बाई आल्या, पुऱ्या खाल्ल्या, पैसे दिले आणि बिलामागे लाल पेनानं दुरुस्ती लिहून गेल्या. बोर्ड मला फुकटात पुन्हा करून द्यावा लागला. तेव्हा सगळीकडे चालणारा फॉन्ट म्हणजे माझ्या मशिनवर पुऱ्या नीट छापणारा. जाडीबिडी तुमचं तुम्ही बघा.

कॅपहाइट
नाना, ती चूक फॉन्ट बदलताना झाली. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशिनवर अक्षराला एकच संकेत असलेला, फॉन्ट वापरला असतात तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळेच राहिले असते.

फ्लेक्सवाला नाना
वापरतो की. तुमच्यातलं कुणी येऊन माझ्या जुन्या पंधरा हजार फाइली बदलून देणार का?

बोरूबहाद्दर
नाना जिंकले. आता मूळ मुद्दा. युनिव्हर्स नावाचं २१ प्रकारांचं सॅन्स फॉन्टचं कुटुंब काढणारा ॲड्रियन फ्रुटिगर. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या पाट्यांचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा स्वतःचा युनिव्हर्स चिकटवून तो मोकळा झाला नाही. लांबून, तिरकस कोनातून वाचता यावीत म्हणून त्यानं वेगळी अक्षरं काढली. तीच पुढे फ्रुटिगर फॉन्ट म्हणून आली. सॅन्समधला एवढा मोठा माणूस एका फॉन्टवर भागवत नाही आणि तू लग्नपत्रिकेपर्यंत पोचलास.

कॅपहाइट
बरं. लग्नपत्रिका सोडली. पाठ्यपुस्तकाचंही बघू, लहान टायपात गाठी मोकळ्या कराव्या लागतील, हे मान्य. पाटी आणि ॲप मात्र सोडणार नाही.

बोरूबहाद्दर
पाटी घे. रात्री, पावसात, चालत्या गाडीतून एकजाड अक्षर बरं दिसतं, एवढं मीही बघितलंय. ॲपचं मला विचारू नकोस, मी चष्मा लावून टाइप मोठा करून वाचतो.

जुळाऱ्याचा नातू
आणि ल?

कॅपहाइट
पाकळ्यांचा. कोडमध्ये न सांगताही आपोआप येईल असा ठेवतो. आता झोपू द्या.

हडपसरचा
मी तो फॉन्ट वापरणार नाही.

फ्लेक्सवाला नाना
आधी ‘पुऱ्या’ लिहून पाठवा, मग बोलू.