ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) गाळ: नोंदवहीत ४६ टन, बाहेर गेला ३१ टन. ताळा कसा बसवायचा?

गाळणी:
घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण भरायचं आहे. नोंदवहीप्रमाणे वर्षभरात ४६ टन गाळ तयार झाला, मॅनिफेस्टवर (कचरा बाहेर पाठवतानाच्या वाहतूक-पावत्यांवर) मात्र ३१ टनच बाहेर गेलाय. सुरुवातीची शिल्लक २ टन, अखेरची ३. म्हणजे १४ टनांचा हिशेब लागत नाही. वजन फिल्टर प्रेसखालीच (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राखाली) होतं, मग केक (दाबून निघालेला घट्ट गाळ) छपराखाली वाळवून बॅगेत भरतात. सांडपाणी रोज १२० घनमीटर, वर्षाला ३०० दिवस. गाळ बसवायला ४० टक्क्यांचं फेरिक क्लोराइड रोज ५० किलो, पीएचसाठी कॉस्टिक सोडा. विवरणात कोणता आकडा द्यावा?

ताळेबंद:
गाळ कुठे गेलेला नाही, पाणी गेलंय. प्रेसखालचा ओलावा आणि बॅग भरतानाचा ओलावा किती आहे ते आधी सांगा. नमुना केकच्या कडेचा नको, ती लवकर वाळते. चार-पाच केकच्या मधला भाग एकत्र करा आणि १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

गाळणी:
लॅबचे आकडे आहेत: प्रेसखाली ७२ टक्के, बॅगेत ६०.

ताळेबंद:
मग झालं. ४६ टनांत कोरडा ऐवज २८ टक्के, म्हणजे १२.८८ टन. तोच ६० टक्के ओलाव्यावर ३२.२ टन भरतो. तुमचा बाहेर गेलेला अधिक शिल्लकेतली वाढ ३२ टन. फरक ०.२ टनाचा, तो काट्याच्या चुकीत बसतो.

निर्मितीचा आकडा कुठे मोजायचा ते परवान्यात लिहिलं असेल तर तसंच. नसेल तर एकच जागा ठरवा आणि दर वर्षी तीच ठेवा. ओला आकडा दिलात तर ‘वाळवताना घटलेलं पाणी’ असा वेगळा रकाना हवा, नाहीतर तपासणीला येणारा माणूस १४ टन कुठे पुरले असंच विचारणार. जुन्या नोंदी खोडून नवे आकडे मात्र घालू नका. सोबत ओलाव्याचा अहवाल जोडा, तेवढा पुरतो.

लॅबवाला:
काट्यावर विसंबू नका, रसायनाच्या बाजूनेही पडताळा घ्या. ५० किलो द्रावणात २० किलो फेरिक क्लोराइड; १ किलोपासून साधारण ०.६६ किलो फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे रोज १३ किलो. सांडपाण्यातले तरंगते घन आत-बाहेर किती?

गाळणी:
सरासरी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर कमी होतात.

लॅबवाला:
१२० घनमीटरला ३० किलो. एकूण रोज ४३, वर्षाला जवळपास १२.९ टन कोरडा गाळ. इतकं नेमकं जुळणं थोडं योगायोगाचं आहे, १०-१५ टक्के इकडेतिकडे झालं तरी चालतं. दुप्पट तफावत आली तर एकतर गाळ नोंदीशिवाय जातोय किंवा तो टाक्यांच्या तळाशी साचतोय. पाण्यात विरघळलेले धातू असतील तर त्यांचे हायड्रॉक्साइडही धरावे लागतात. चुना वापरत असता तर त्यातला न विरघळणारा भागही मिळवावा लागला असता. तो बरेच जण विसरतात.

काटेवाला:
वजनाबद्दल थोडं. गाडी मोकळी आणि भरलेली एकाच दिवशी, एकाच काट्यावर करा. मध्ये १०० लिटर डिझेल भरलं तर ८०-८५ किलो तिथेच वाढतात. पावसाळ्यात ताडपत्रीवर पाणी साचतं, ते आधी झाडून टाका. मोठ्या काट्याची पायरी (तो दाखवतो तो सर्वांत लहान फरक) २० किलोची असेल तर त्यावर एकेक पिंप तोलण्यात अर्थ नाही, त्याला प्लॅटफॉर्म काटाच हवा. पिंपाचं मोकळं वजन पिंपावरच रंगवून ठेवा. लोखंडी आणि प्लास्टिकच्या पिंपांना एकच सरासरी लावली की प्रत्येक पिंपामागे चूक जमत जाते.

वापरलेलं तेल लिटरमध्ये लिहीत असाल तर किलो करताना १ ने गुणू नका. घनता ०.८८-०.९० असते, २०० लिटर म्हणजे १७६ ते १८० किलो. तळाशी पाणी असेल तर तोही हिशेब चुकतो, म्हणून तेल थेट तोललेलंच बरं.

गाळणी:
आणि टाकी साफ करताना निघणारा गाळ? तो तीन-चार वर्षांतून एकदाच निघतो.

ताळेबंद:
ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी पूर्ण दाखवा, वर्षांत वाटू नका. त्याचा घातक कचऱ्याचा प्रवर्ग वेगळा असेल तर रोजच्या गाळात मिसळायचाही नाही. मिसळल्याने घातकपणा जात नाही, उलट सगळा ढीग कडक प्रवर्गात जाऊ शकतो. आणि परवानगीतलं वार्षिक प्रमाण त्या वर्षी ओलांडलं जाणार असेल तर सफाईआधीच वाढवून घ्या.