'ग्लोबल इंजिनिअर' व्हायला नेमकं काय लागते? नागपूरवाल्यांनी खरं सांगा

थर्डइयर_मेक
नमस्कार मंडळी. नागपुरातच मेकॅनिकल थर्ड इयरला आहे. परवा १५ सप्टेंबरला कॉलेजात इंजिनिअर्स डे चं भाषण झालं, दीड तास. जागतिकीकरणाच्या जमान्यात नुसती डिग्री चालत नाही म्हणे, कम्युनिकेशन पाहिजे, लीडरशिप पाहिजे, अजून काय काय. टाळ्या वाजवल्या, समोसा खाल्ला, घरी आलो, पण डोक्यात किडा वळवळून राहिला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी समजते पण बोलताना अडखळतो. दोस्त म्हणते जर्मन शिक, दादा म्हणते पायथन शिक, बाबा म्हणतात गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) दे. जे खरंच बाहेरच्या कंपन्यांसोबत काम करून राहिले त्यांनी सांगा, तुमच्याकडे जो एक नंबर इंजिनिअर असते तो बाकीच्यांपेक्षा कशात वेगळा असते?

बुटीबोरीवाला
भाऊ, भाषण सोड, मी एक किस्सा सांगतो. आमच्या प्लांटला युरोपातून आलेली एक लाइन आहे, तिची एक व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारी ड्राइव्ह) दर मे महिन्यात दुपारी दोन ते चारच्या मधात ट्रिप मारायची, म्हणजे आपोआप बंद पडायची. तिकडचे लोक व्हिडिओ कॉलवर म्हणायचे लोड चेक करा, आम्ही म्हणायचो लोड बरोबर आहे, असे दोन उन्हाळे गेले. आमचा उपाय काय, तर पॅनलचं दार उघडं टाकून समोर कूलर लावायचा (हसू नका, अर्ध्या एमआयडीसीत हेच चालते) आणि मग कूलरची ओल अन् धूळ दोन्ही आत.

मग एक नवीन पोरगी जॉइन झाली, वर्ध्याकडची, डिप्लोमा करून डिग्री केलेली. तिनं मॅन्युअल काढून डीरेटिंगचं, म्हणजे गरमीत क्षमता किती कमी धरायची त्याचं, पान वाचलं. ड्राइव्हचं रेटिंग ४० डिग्रीला दिलेलं, त्याच्यावर प्रत्येक डिग्रीमागे करंट कमी धरायचा. बाहेर आपल्याकडे ४५, वरून टिनाचं शेड, तिनं पॅनलच्या आत थर्मामीटर टांगला अन् चार दिवस दर अर्ध्या तासानं आकडे लिहिले. ५२ पर्यंत गेला बाप्पा! मेल लिहिला पाच ओळींचा, खाली तक्ता आणि नेमप्लेटचा फोटो. इंग्रजी म्हणशील तर "द पॅनल इज व्हेरी हॉट इन आफ्टरनून" असंच होतं. त्याच संध्याकाळी तिकडून उत्तर आलं, अन् पुढच्या उन्हाळ्याच्या आत एक साइज मोठी ड्राइव्ह अन् पॅनलला एसी बसला. आम्ही दोन वर्षं फाडफाड इंग्रजीत भांडलो होतो.

महालचा_पोट्टा
वरच्याशी शंभर टक्के सहमत. मी सध्या जर्मनीत आहे, आधी हिंगण्याला एका जॉब शॉपमध्ये (ऑर्डरप्रमाणे सुटे भाग बनवणारं वर्कशॉप) होतो. तिथं अमेरिकेतल्या कस्टमरचं ड्रॉइंग आलं, आम्ही कॉलेजात शिकलो तसं फर्स्ट अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर कुठं मांडायच्या याची एक पद्धत) समजून वाचलं, बारा नग बनवले, बाराही आरशातल्यासारखे उलटे. अमेरिकेत थर्ड अँगल चालते, त्यात बाजू उलट्या जागी मांडतात, आणि टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकोनाच्या) कोपऱ्यात त्या कापलेल्या कोनचं चिन्ह छापलेलं होतं, आमच्यापैकी एकानंही पाह्यलं नाही. माल भंगारात आणि मी आठवडाभर साहेबांसमोर जात नव्हतो.

इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात कागदावर १,२५० मिमी दिसलं. मी म्हटलं सव्वा मीटर. अरे ते सव्वा मिलिमीटर होतं, शिमची (फट भरायच्या पातळ पट्टीची) जाडी! हे लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. नशीब, ऑर्डरच्या आधी शेजारच्याला विचारलं. चांगला इंजिनिअर अशा ठिकाणी विचारते, जो मध्यम असते तो नुसती मान हलवते. आपल्याकडे साहेबाला परत विचारलं तर येत नाही म्हणून हा विचारतो असं वाटते ना, ती सवय मोडायलाच मले सगळ्यात जास्त वेळ लागला, जर्मन त्याच्यापेक्षा सोपी गेली.

ऑरेंजसिटी_७९
युनिटवरून आठवलं, नासाचं मंगळावर पाठवलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, १९९९ मध्ये ह्याच्यापायीच गेलं. एका टीमचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदात आकडे द्यायचं, दुसरी टीम ते न्यूटन-सेकंद धरायची. दोन्हीकडे हुशारच लोक होते.

सीताबर्डी_एक्सप्रेस
सगळं ठीक आहे पण पोराला अर्धंच सांगून राहिले तुम्ही. तो थर्मामीटर टांगायला आधी नोकरी लागली पाहिजे ना, अन् कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनमध्ये जो बोलते तोच पुढं जाते, डीरेटिंग कोणी विचारत नाही. मी स्वतः दोनदा तिथंच उडलो. तेव्हा इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस कर, लाजू नको, आरशासमोर कर नाहीतर मित्रासोबत कर. बाकी ज्यांचा वाढदिवस म्हणून समोसा खाल्ला ते विश्वेश्वरय्या १९०६ च्या सुमारास एडनला (आताच्या येमेनमध्ये) गेले होते, तिथल्या पाणीपुरवठ्याचं अन् ड्रेनेजचं पाहायला, म्हणजे हे ग्लोबल-बिलोबल काही नवीन नाही.

बुटीबोरीवाला
@सीताबर्डी मान्य आहे. त्या पोरीलाही आमच्याकडे इंटरव्ह्यूत जवळजवळ नापासच केलं होतं, एचआरला आवडली नव्हती. मेंटेनन्सच्या साहेबानं अडून घेतली.

थर्डइयर_मेक
सगळ्यांना धन्यवाद. एक छोटा प्रश्न, आता लगेच काय करू? मिनी प्रोजेक्ट चालू आहे, शाफ्ट अन् ब्रॅकेटवालं.

महालचा_पोट्टा
तुझं ड्रॉइंग असं कर की हिंगण्याच्या टर्नरला फोन न करता बनवता आलं पाहिजे. युनिट, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते), मटेरियलचा ग्रेड, प्रोजेक्शनचं (फर्स्ट की थर्ड अँगल ते) चिन्ह, सगळं त्याच्यावर पाहिजे. मग स्वतः नेऊन दे आणि तो काय काय विचारते ते लिहून घे.

थर्डइयर_मेक
आत्ताच शीट काढून पाहिली. चिन्ह नाही, टॉलरन्स एकाच ठिकाणी आहे, अन् मटेरियलच्या रकान्यात मी नुसतं "स्टील" लिहिलं आहे. सरांची सही पण झाली आहे त्याच्यावर 😅 उद्या परत प्रिंट काढतो.