ग्रामसभेत कोळशाविरुद्ध ठराव मांडायचाय, पण "मग वीज कुठून आणणार?" याला काय सांगू?

रुळाकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यातल्या सावर्डे–मडगाव रेल्वेमार्गाला लागून आहे. कोळशाची मालगाडी गेली की खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवावं, काळं होतं. आई मे महिन्यात कोकमाची सोलं वाळत घालते, ती आता जुन्या साडीखाली झाकून. संध्याकाळी साडी झटकताना जे उडतं ते बघून जीव तुटतो. गाडीच्या वाघिणींवर ताडपत्री असते, पण कडा नीट बांधलेल्या असतातच असं नाही.

पुढच्या ग्रामसभेत कोळसा वाहतुकीविरुद्ध ठराव मांडायचं आम्ही वाड्यावरच्या काही जणांनी ठरवलंय. पण पहिल्याच बैठकीत एका काकांनी विचारलं, "कोळसा नको म्हणता, मग घरात वीज कुठून येणार?" कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. काय सांगावं? आणि ठराव लिहायचा कसा?

शेल्ड्याची मावशी:
बाबा, काकांचा प्रश्न टाळू नकोस. त्यात दोन वेगवेगळे कोळसे आहेत, ते आधी सुटे कर.

तुमच्या दारावरून जातो तो मुरगाव बंदरात जहाजाने उतरलेला, परदेशातून आलेला कोळसा. तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. गोव्यात कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र नाहीच. त्यामुळे या गाड्या कमी झाल्या म्हणून आपल्या घरात अंधार होणार नाही, हे छातीठोकपणे सांग.

आता दुसरा कोळसा. आपल्या वीज खात्याला कोरबा, विंध्याचलसारख्या लांबच्या औष्णिक केंद्रांतून वीज मिळते. म्हणजे आपल्या पंख्यासाठी जमीन छत्तीसगड-मध्य प्रदेशात खणली जाते. हेही तितक्याच मोकळेपणाने सांग. तिथले लोक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात. छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातल्या तमनार भागात गावकरी २ ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह करतात. तिथल्याच हसदेव अरण्यातले आदिवासी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले, आपलं जंगल खाणीत जाऊ नये म्हणून. आपण नुसतं "आमच्या दारावरून नेऊ नका" म्हटलं तर त्या लोकांना आपण विसरलो असं होईल. मला ते पटत नाही. म्हणून ठरावात दोन्ही मागण्या हव्यात: कोळसा वाहतूक वाढवू नये, आणि गावाने सौर वीज घ्यायला सुरुवात करावी.

लढून काय होतं असं कुणी म्हटलं तर आपल्या मोले अभयारण्याची गोष्ट सांग. २०२० मध्ये तिथे तीन प्रकल्प एकदम आले: याच रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि धारवाडजवळच्या नरेंद्रहून आमच्या शेल्ड्याला येणारी ४०० केव्हीची वीजवाहिनी. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री याच मार्गावरच्या चांदर गावात माणसं रुळांवर येऊन बसली, ती पहाटेपर्यंत. मेणबत्त्या, घुमट वाद्य, गाणी, कडेवर लेकरं. पण नुसत्या त्या रात्रीने काम झालं नाही. विद्यार्थ्यांनी, शास्त्रज्ञांनी, वकिलांनी कागद उभे केले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात कॅसलरॉक–कुळे या घाटातल्या टप्प्याच्या दुपदरीकरणाचं समर्थन करता येत नाही असं म्हटलं आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. घाटाखाली मात्र दुपदरीकरण चालूच राहिलं, म्हणून तुमचा ठराव आजही गरजेचा आहे.

ठराव छोटा लिही. गावाचं नाव, धुळीचा त्रास, मागण्या, प्रती कुणाकुणाला पाठवायच्या, एवढंच. सभेच्या आधी सचिवांकडे लेखी देऊन प्रतीवर पोच घे. सूचक-अनुमोदक आधी पक्के कर आणि इतिवृत्तात ठराव जसाच्या तसा उतरला का ते स्वतः वाच. पुढे इतिवृत्ताची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकार आहेच.

बंदराच्या नव्या कामाची जनसुनावणी लागली तर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस यायला हवी आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. बोलायची भीती वाटणाऱ्यांनी लेखी हरकत द्यावी, तिचंही वजन तेवढंच. २०१७ च्या एप्रिलमध्ये वास्कोला सुनावण्या दिवसेंदिवस चालल्या, त्या बोलायला उठलेल्या साध्या माणसांमुळे. मच्छीमार, शिक्षिका, दम्याच्या मुलांच्या आया.

कुळेचा ट्रकवाला:
मी ठरावाच्या बाजूने आहे, पण एक विनंती. २०१२ मध्ये खनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या दारात ट्रक गंजत उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. बंदरावर रोजंदारी करणाऱ्यांच्या मनात आज तीच धास्ती आहे. त्यांच्या पोटाचं काय, याची एक ओळ ठरावात घाला. नाहीतर ते तुमच्या विरोधात हात वर करतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

फोंड्याचा वायरमन:
सौरचं मी सांगतो, रोजचं काम आहे. १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर छप्पर लागतं. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात, जून-जुलैत बरीच कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. ते राहत्या घरांना, देवळाला किंवा क्लबला नाही. म्हणून देवळापासून सुरुवात करू नका, घरांपासून करा. गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक विजेसाठी प्रति किलोवॉट १८ हजार वेगळे आहेत.

माडांची सावली मात्र आधी बघा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला छपरावर चढून सावली कुठे पडते त्याच्या खुणा करा. एका झावळीची सावली पॅनेलवर आली तरी उत्पादन चांगलंच घटतं. नळ्यांच्या छपरावर स्टँड बसवताना वासे तपासून घ्या, पावसाळ्यात वाऱ्याला सगळा भार त्यांच्यावर येतो. आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, बसेपर्यंत ठेकेदाराला पूर्ण पैसे देऊ नका.

रुळाकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा असा केलाय: कोळसा हाताळणी आणि वाहतूक वाढवण्यास या ग्रामसभेचा विरोध आहे. सध्याची वाहतूक टप्प्याटप्प्याने कमी करावी. तोवर वाघिणी पूर्ण झाकाव्यात आणि वस्तीलगत धूळ मोजणारं यंत्र बसवून आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. बंदरावरच्या कामगारांना पर्यायी काम द्यावं. गावात सौर विजेसाठी पंचायतीने शिबिर भरवावं.

काकांना भेटून दोन कोळशांचा फरक सांगितला. बराच वेळ ऐकून घेतलं. अनुमोदक व्हायला तयार आहेत, पण त्यांना आधी आपल्या छपराचा हिशेब हवाय.

फोंड्याचा वायरमन:
रविवारी येतो. त्यांचं वर्षभराचं वीजबिल काढून ठेवा.