बायबलमधल्या याकोबाच्या दोन बायका चालतात, तर समलिंगी विवाहाला नकार कशाच्या आधारावर?

प्रश्न (दादर): रविवारी बायबल अभ्यासवर्गात हा विषय मांडायचाय. कुठले उतारे घ्यावेत, आणि कुठे अडेन?

उत्तर १: मुक्काम 'अनुवाद' या बायबलमधल्या पुस्तकातल्या २१:१५-१७ वर करा. नावडतीचा मुलगा जेठा असेल तर बापाने त्यालाच दुप्पट वाटा द्यायचा. म्हणजे नियमशास्त्र (मोशेचा कायदा) दोन बायका गृहीतच धरतं. जोडीला निर्गम २१:१०: दुसरी केली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र, वैवाहिक हक्क कमी करायचे नाहीत. शलमोन राजाच्या ७०० राण्या मात्र टाळा. १ राजे ११ त्यालाच दोष देतं, समोरचा तेच पकडेल.

उत्तर २: अडाल ते लेवीय १८:२२ वर. बहुपत्नीत्वाला जुन्या करारात सरसकट बंदी नाही, इथे पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवायला स्पष्ट मनाई आहे. म्हणून 'ते चाललं, मग हेही चालावं' हे तर्काला धरून नाही. विवाहाचं रूप बायबलमध्येच बदलत गेलं, एवढंच सिद्ध होतं, आणि तेही थोडं नाही. कोणी मत्तय १९:४-६ (नर-नारी निर्माण केले, ती दोघं एकदेह होतील) काढेलच. तिथे प्रश्न घटस्फोटाचा आहे, हे आधी वाचून दाखवा.

उत्तर ३: लॅम्बेथ परिषदही घ्या, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) बिशपांची सभा. या बिशपांनी १८८८ मध्ये अनेक बायका असलेल्या पुरुषांना बाप्तिस्मा नाकारला. १९८८ मध्ये द्यायला परवानगी दिली, अट अशी की त्या बायका हयात असेतोवर पुन्हा लग्न करायचं नाही आणि स्थानिक मंडळीची संमती हवी. बायकांना सोडायची सक्ती नाही, कारण टाकलेल्या बाईचे हाल होतात. माणसांकडे बघून नियम सैल केला, हे महत्त्वाचं. १९९८ च्या परिषदेने मात्र समलिंगी संबंध शास्त्रविसंगत ठरवले. वर्गात १९८८ आणि १९९८ चे हे दोन्ही ठराव शेजारी ठेवून वाचा.