साब ९००० च्या जन्मकथेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साब ९००० ही स्वीडिश मोटारगाडी कशी घडली हे नीट समजून घेतोय आणि एका मुद्द्यावर अडकलोय.

मूळ हकिकत ठाऊक आहे. एकट्याने नवी मोठी गाडी काढणं साबसारख्या छोट्या कंपनीला परवडणारं नव्हतं, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या लॅन्चियाशी हातमिळवणी झाली. त्यातून आलेल्या ‘टाइप फोर’ या सामायिक सांगाड्यावर लॅन्चिया थीमा, फियाट क्रोमा आणि पुढे अल्फा रोमिओ १६४ अशी भावंडं निघाली. साब ९००० बाजारात आली १९८४ मध्ये, बाह्यरूपात इटालियन रचनाकार जुजारोचा हात.

माझी अडचण दारांची. साब, थीमा आणि क्रोमाची दारं बघितली तर एकाच साच्यातली वाटतात, पण साबची दारं बाकी दोघींना बसत नाहीत म्हणे, कारण साबने बाजूच्या धडकेसाठी मजबुती बरीच वाढवली. पुढचा भागही वेगळा केला. मग हा फरक आराखड्यातच ठरला होता, की साच्यांचं काम सुरू झाल्यावर साबचे अभियंते अडून बसले? मला दुसरी शक्यता खरी वाटते. सुरक्षिततेवर तडजोड न करणारी ही माणसं, आणि त्यासाठीच ही गाडी मला इतकी आवडते.

स्वीडनमध्ये राहणारं कुणी ट्रोलहेट्टनच्या साब संग्रहालयात गेलंय का? तिथे ९००० चे सुरुवातीचे नमुने किंवा आराखडे बघायला मिळतात का? स्वीडिश मजकूर असला तरी चालेल, शब्दकोश घेऊन बसेन. थीमा किंवा क्रोमा उघडून दुरुस्त केलेलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा.