शब्दचर्चा: 'आद्याक्षर' की 'आद्यशब्द'? हिब्रू पोथ्यांच्या सजवलेल्या पानांना काय म्हणावं

प्रश्न

मध्ययुगातल्या हिब्रू प्रार्थनेच्या हस्तलिखितांवर मराठीत लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. इंग्रजीत ज्याला इनिशियल वर्ड पॅनल म्हणतात ते आपण काय म्हणायचं? लॅटिन पोथ्यांसाठी 'सजवलेलं आद्याक्षर' चालतं, कारण तिथे खरंच एकच अक्षर मोठं काढतात आणि त्याच्या पोटात राजा नाहीतर संत बसवतात. पण हिब्रूत कॅपिटल अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे चित्रकार बहुतेक वेळा अख्खा पहिला शब्दच मोठा काढतो, रंगीत चौकटीत, सोन्याचा वर्ख लावून, मागे वेली आणि प्राणी. रोश हशाना म्हणजे ज्यू नववर्ष, त्याच्या एका प्रार्थनाकाव्याचा पहिला शब्द 'मेलेख', म्हणजे राजा, तो सजवायचा तर मेम, लामेद, खाफ तिन्ही अक्षरं एकत्र सजणार. याला आद्याक्षर म्हटलं तर वाचणारा नुसता मेम शोधत बसेल ना?

आणि अजून एक, 'इल्युमिनेटेड'चं 'प्रकाशित हस्तलिखित' असं भाषांतर कुणी करू नका प्लीज, मराठीत प्रकाशित म्हणजे छापून बाहेर आलेलं, आणि हस्तलिखित तर छापलेलंच नसतं!

प्रतिसाद १

ताई, 'आद्यशब्द' सरळ आहे, तोच घ्या. आपल्याला हे समजायला अवघड जायला नको कारण देवनागरीतही कॅपिटल नाहीच की. पोथीत सुरुवातीचं 'श्रीगणेशाय नमः' तांबड्या शाईत लिहिलेलं आपण पाहतो, तिथेही एकटा 'श्री' रंगवून बाकीचं काळं असं नसतं, अख्खं नमन तांबडं. फक्त 'मथळा' किंवा 'शीर्षक' म्हणू नका. मथळा मजकुराच्या बाहेर असतो, तो प्रार्थनेत कुणी म्हणत नाही, आणि हा मोठा शब्द तर प्रार्थनेचाच पहिला शब्द, खजान म्हणजे प्रार्थना चालवणारा तिथूनच सुरू करतो. पान उलटल्यावर लांबूनही जागा सापडावी हाही त्याचा उपयोग असणारच.

'इल्युमिनेटेड'ला मी 'सुशोभित' लिहितो, सोनं असेल तर 'सोनेरी वर्खाचं'.

प्रतिसाद २

आद्यशब्द पटला, पण चौकटीचं काय? सगळीकडे चौकट नसते. काही माहझोरांत, म्हणजे सणांच्या प्रार्थनापुस्तकांत, शब्दाभोवती चक्क दरवाजा काढलेला असतो, दोन खांब आणि वर कमान, आणि शब्द त्या कमानीत. त्याला आपला 'महिरप' शब्द अगदी चपखल बसतो. आणि दरवाजाच का, तर योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, सकाळच्या प्रार्थनेत देव आमच्यासाठी 'शआरे रहामीम' म्हणजे दयेची दारं उघडतो असे शब्द आहेत. मुंबईत मांडवीला १७९६ साली बेने इस्राएलांनी, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंनी, जे पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं त्याचं नाव 'शआर हारहामीम', दयेचं दार, म्हणजे प्रार्थनेतलाच शब्द. ती महिरपीची पानं जर्मनीतली, सिनेगॉग आपल्याकडचं, एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही, पण शब्द तोच, मला हे फार आवडतं.

प्रतिसाद ३

'माहझोर' आणि 'सिद्दूर' ही दोन प्रार्थनापुस्तकं मिसळू नका एवढंच सांगते. माहझोर ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ परत येणं, फिरून येणं, म्हणून वर्षभर फिरून येणाऱ्या सणांच्या प्रार्थनांचं पुस्तक. सिद्दूर 'सेदेर'वरून, सेदेर म्हणजे क्रम, पेसाह म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्रीचं सेदेर तेच. सिद्दूर म्हणजे रोजच्या आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, प्रार्थना. दोघांना नुसतं 'प्रार्थनापुस्तक' म्हटलं की फरकच गेला. तुम्ही सांगताय ती मोठमोठी पानं जास्त करून जर्मन ज्यूंच्या माहझोरांची, तेराव्या-चौदाव्या शतकातली.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आद्यशब्द' ठरला, कमान असेल तिथे 'आद्यशब्दाची महिरप', बाकी ठिकाणी 'आद्यशब्दाची चौकट'. आता हे ज्यामुळे डोक्यात आलं तेही सांगते. जर्मनीतल्या वर्म्स शहराच्या नावाचा वर्म्स माहझोर, १२७२ साली सिम्हा बेन यहुदा नावाच्या लेखनिकाने लिहून पूर्ण केला. त्यात पावसाळा संपल्यावर दवासाठी म्हणायच्या प्रार्थनेत 'बेदाअतो' हा शब्द मोठ्या पोकळ अक्षरांत काढलाय, आणि त्या अक्षरांच्या पोकळीत, हो अक्षरांच्या आत, बारीक अक्षरात एक यिडिश, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या रोजच्या बोलीतलं, वाक्य लिहिलंय, की हा माहझोर जो सिनेगॉगात उचलून नेईल त्याचा दिवस चांगला उजळो. हिब्रू शब्दाच्या पोटात घरची बोली! तारीख माहीत असलेलं यिडिशमधलं हे सगळ्यात जुनं वाक्य. आद्याक्षर म्हटलं असतं तर हे सांगताच आलं नसतं, कारण ते वाक्य एका अक्षरात मावत नाही, शब्दभर पसरलंय.

१९३८ साली नाझींनी वर्म्सचं सिनेगॉग जाळलं, माहझोर शहराच्या अभिलेखपालाने वाचवला, १९५७ साली तो जेरुसलेमला गेला आणि आता इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

प्रतिसाद १

ताई, मग त्या वाक्याचं मराठी 'उचलून नेईल' असंच ठेवा, 'घेऊन जाईल' करू नका. पुस्तक जाडजूड, अंगावर तोलत न्यायचं, ते वजन 'उचलून' मध्येच येतं.