पंट अडवला, तरी १५ यार्डांचा दंड कसा?

पोहे_जिरावन, इंदूर
शनिवारी रात्री अमेरिकी कॉलेज फुटबॉल बघणाऱ्या आमच्या टोळक्यात एका फ्लॅगवरून (फाउल दाखवायला पंच टाकतो तो रुमाल) वाद पेटलाय. चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), ८ यार्ड बाकी, म्हणून पंट, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब उडवणं. बचावातल्या एकाचं बोट चेंडूला लागलं आणि चेंडू भलतीकडे उडाला. लगोलग त्याच्याच संघातला दुसरा गडी पंटरच्या पायावर आदळला. १५ यार्ड आणि पहिला डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न! निम्मे म्हणतात, चेंडूला हात लागला की पंटरचं संरक्षण संपतं. नियम नक्की काय? आणि कधी ५ यार्ड, कधी १५, हे कशावरून ठरतं? एनएफएलचा (व्यावसायिक लीगचा) नको, कॉलेजचा सांगा.

तिसरा_पंच
दोन्ही पार्ट्यांना पुस्तकात आधार सापडेल, भांडण त्यामुळेच मिटत नाही. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संस्था) नियम ९-१-१६ मध्ये एक वाक्य म्हणतं, किकला स्पर्श होताना किंवा झाल्यावर लागलेला धक्का फाउल नाही. दुसरं म्हणतं, किक अडवणारा सोडून दुसरा कोणी किकरवर आदळला तर फाउल. तुमच्याकडे बोट एकाचं, धडक दुसऱ्याची. सूट बोटवाल्याला. म्हणजे फ्लॅग टिकतो.

'आधी बॅट, मग पॅड' म्हणून पायचीत नाही, असाच हा हिशेब. फक्त इथे बॅट एकाची आणि पॅड दुसऱ्याचं असू शकतं.

टीव्हीवर पंचांचे हात बघत जा. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवरून झटकली, तर किकला स्पर्श झाल्याचं पंचाने पाहिलंय. तो इशारा आणि फ्लॅग दोन्ही आले, तर समजा पंचाच्या मते धडकणारा गडी वेगळा होता.

आता ५ की १५. किकर जागेवरून हलला पण धोका नव्हता, तर 'रनिंग इंटू', ५ यार्ड, आपोआप पहिला डाउन नाही. इजा होण्यासारखी धडक असेल तर 'रफिंग', १५ यार्ड आणि पहिला डाउन. व्यवहारात बघायचा तो टेकलेला पाय. सगळा भार त्याच्यावर असतो, तिथे लागलं की गुडघा जाऊ शकतो, म्हणून १५. हवेतल्या पायाला निसटता धक्का बसला तर बहुधा ५. आणि ठरवता येत नसेल तर रफिंगच द्यायचं, हे पुस्तकातच लिहिलंय. शंकेचा फायदा किकरला.

४ आणि ८ वर (चौथा डाउन, ८ यार्ड बाकी) ५ यार्ड मिळाले तर ४ आणि ३, बहुतेक पुन्हा पंटच. पण ४ आणि ५ असेल तर त्या पाचातच पहिला डाउन होतो.

छप्पनचा_कोपरा
ही चूक दोघं दोन्ही कडांनी एकदम आत घुसले की होते. पंटर स्नॅपरच्या (खेळी सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे साधारण १४-१५ यार्डांवर उभा असतो (आपल्या बोलीतला पंटर नव्हे, भिया), पण दोन-तीन पावलं पुढे येऊन मारतो. त्यामुळे हात न्यायचे ते त्याच्या पायाच्या यार्ड-दीड यार्ड पुढे, आणि पळायचं त्याच्यासमोरून आडवं. जो थेट अंगावर धावतो तो चेंडू सुटल्यावर नेमका टेकलेल्या पायावर पोचतो. पहिल्याने किक अडवली तरी दुसऱ्याला थांबायला जागा उरत नाही.

पंटर चेंडू घेऊन टॅकल बॉक्सबाहेर, म्हणजे स्नॅपरच्या दोन्ही बाजूंच्या ५-५ यार्डांपलीकडे पळाला आणि मग किक मारली, तर किकर म्हणून मिळणारं संरक्षण गेलं. रग्बी पद्धतीच्या (पळता पळता मारलेल्या) पंटवर वाद होतात ते इथेच. आणि धक्का लागल्याचं नाटक केलं तर उलट किकरलाच १५ यार्ड.

होळकरी_यार्ड
फील्ड गोलचं (गुणांसाठी खांबांमधून मारायच्या किकचं) प्रकरण वेगळं. मागून धावत येऊन रांगेवरून उडी मारण्यावर २०१७ पासून बंदी आहे. स्नॅपच्या वेळी रेषेपासून (जिथून खेळी सुरू होते ती) एका यार्डाच्या आत स्थिर उभा होता, तर उडी चालते. सहकाऱ्याच्या अंगावर हात टेकून उंची घेतली तर मात्र १५. किकच्या रचनेत स्नॅपरला पहिला एक सेकंद भिडायचं नाही, हा फ्लॅग लोकांना कळतच नाही.

पोहे_जिरावन
फ्लॅग नसता तर चेंडू कोणाचा?

तिसरा_पंच
रेषा न ओलांडलेली किक दोघांनाही उचलून पळवता येते. रेषेपुढे ३ यार्डांपर्यंत अडवली तरी ती रेषेमागेच अडवली असं धरतात. किक मारणाऱ्यांनी उचलली तर पहिल्या डाउनपर्यंत पोचावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. २४ ऑक्टोबर २०१५ ला जॉर्जिया टेकने फ्लोरिडा स्टेटचा फील्ड गोल अडवून शेवटच्या खेळीत ७८ यार्ड पळवला आणि २२-१६ ने जिंकले.

पोहे_जिरावन
क्लिप पुन्हा पाहिली. त्या दुसऱ्या गड्याच्या खांद्यावर पंटरच्याच रक्षकाचे दोन्ही हात आहेत, ढकललाय.

छप्पनचा_कोपरा
मग सगळं उलटं! समोरच्याच्या ब्लॉकमुळे किकरवर जाऊन आदळला तर फाउल नाही, ब्लॉक कायदेशीर असो वा नसो. पण हात लागायच्या आधीची दोन पावलं बघा. तेव्हाच तो पंटरच्या रोखाने निघाला होता, तर धडक ब्लॉकमुळे झाली असं म्हणता येणार नाही.

पोहे_जिरावन
आधीची दोन पावलं कॅमेऱ्यातच नाहीत.